मुठीत न थांबलेला हात

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. तुमच्यापैकी काहींनी सहाण पाहिली असेल ती देवघरात, चंदन उगाळायची. मी ती नव्हे. माझ्या वाट्याला देव आले नाहीत, बाळे आली. बाळगुटी उगाळायची मी सहाण, आणि खरे सांगायचे तर आता मी फार थकले आहे. दगडाला कसला थकवा, असे तुम्ही म्हणाल. पस्तीस वर्षे रोज सकाळी कोणी तुमच्या पोटावर हळकुंड घासले असते म्हणजे कळले असते.

मी सौराष्ट्रातल्या ध्रांगध्र्याकडच्या पिवळट दगडाची. एका पाथरवटाने मला गोल घडवले, पाठ सपाट केली आणि कडेला एक छोटी चोच काढली, उगाळलेले औषध तिच्यातून चमच्यात उतरावे म्हणून. मग आम्ही पाच-सहा बहिणी बडोद्याला आलो आणि खंडेराव मार्केटबाहेर गोणपाटावर, खलबत्त्यांच्या शेजारी, उन्हात बसून राहिलो. येणारेजाणारे आम्हाला उचलून बघत आणि परत ठेवून कोथिंबीर घ्यायला आत जात.

एके दिवशी रखमाबाई आल्या. तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या. बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालण्याचे काम त्यांनी नुकतेच सासूकडून हाती घेतले होते. त्या काळी प्रत्येक घरी सहाण असे, तरी त्यांना स्वतःची हवी होती. दुसऱ्याच्या सहाणेवर कोणी काय उगाळले असेल, मिरे की आणखी काही, याचा नेम नाही असे त्यांचे म्हणणे. त्यांनी मला बोटाच्या पेराने ठोकले, आवाज ऐकला, अंगठा फिरवला आणि पिशवीत टाकले. त्या पिशवीतून मी बडोद्यातली निम्मी मराठी घरे पाहिली.

आमचा दिनक्रम ठरलेला होता. सकाळी आठला पहिले घर. रखमाबाई न्हाणीत पाटावर बसत, पाय लांब सोडत आणि बाळाला नडग्यांवर पालथे घालून तेल लावत. मग कडकडीत पाणी, धुरी, आणि शेवटी माझी पाळी. हळकुंडाचा एक वेढा, वेखंडाचा अर्धा, बाळ जरा मोठे असेल तर जायफळाचा एक. वेढा म्हणजे माझ्या अंगावरून एकदा गोल फिरवणे. रखमाबाईंचा वेढा कधी चुकला नाही. बायका त्यांची फार स्तुती करत. रखमाबाईंनी नाक चिमटीत धरले की ते सरळ होते, त्यांनी डोक्याला हात लावला की डोके गोल होते, त्यांची गुटी घेतलेले बाळ रात्रभर झोपते, असे काय काय. मी पिशवीत पडून ऐकत असे आणि निम्मे श्रेय मनातल्या मनात स्वतःकडे घेत असे.

पुढे लोक फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि घरांतून पाटा-वरवंटा नाहीसा झाला. तेव्हा माझा मान आणखी वाढला. बाळाच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी सटवाईची पूजा असते. पाट्यावर वरवंटा ठेवून पुजायचा, जवळ कोरा कागद आणि पेन ठेवायचे, मग सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी समजूत. पाटा नाही म्हणून बायका मला पाटावर बसवू लागल्या. मला हळदकुंकू लागले, हिरवा खण मिळाला. मित्रांनो, मी त्या मानाने पुरती फुगून गेले होते, हे मी आज कबूल करते.

सटवाईबद्दल आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. बाळ झोपेत हसले की मोठी माणसे म्हणतात, सटवाई हसवतेय. रडवेले तोंड केले की म्हणतात, सटवाई रडवतेय. अशा वेळी बाळाला उठवायचे नाही. बहुतेक वेळा त्यात काही वाईट नसते. बाळे झोपेत हसतातच.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही सयाजीगंजातल्या एका घरी जात होतो. बाळंतीण होती मिताली, आणि तिची मुलगी तीन दिवसांची. ती मुलगी जन्मल्यावर बऱ्याच उशिरा रडली होती. डॉक्टर तिला ठेवून घ्या म्हणत होते, पण घरच्यांनी कागदावर सही करून तिला दुसऱ्याच दिवशी घरी आणले होते. हे सगळे आम्हाला फार नंतर कळले. त्या सकाळी रखमाबाई तिला तेल लावत असताना तिचे ओठ चुटूचुटू हलू लागले, काही तोंडात नसताना. एक पाय सायकल चालवल्यासारखा फिरू लागला, एक हात लयीत उडू लागला. डोळे उघडे होते पण एका कोपऱ्याकडे लागून राहिले होते. घरातल्या बायका कौतुकाने गोळा झाल्या. रखमाबाई हसून म्हणाल्या, सटवाई खेळवतेय, खेळू दे तिला. सगळ्यांना बरे वाटले. मग मी माझे काम केले आणि आम्ही पुढच्या घरी गेलो.

दोन दिवसांनी ती मुलगी काळीनिळी पडली आणि तिला दवाखान्यात नेले. आम्हाला नुसता निरोप आला की बाळ दवाखान्यात आहे, येऊ नका. ती जगली. तिचे नाव मधुवंती ठेवले. पण ती बसायला शिकली नाही, उभी राहिली नाही, आणि आकडीच्या गोळ्या तिच्या सकाळ-संध्याकाळ चालूच राहिल्या. रखमाबाईंना हे पुढचे वर्षभराने कोणाकडून तरी कळले. काही मुले जन्मतःच तशी असतात, असे त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या. तरी त्या गल्लीतून जाणे त्यांनी सोडले होते, हे मी पिशवीतून ओळखले. रस्ता लांबला की मला कळते.

मग तीन वर्षांपूर्वी शिवांगी भेटली. ती नवजात बाळांच्या विभागात नर्स होती आणि स्वतःच्या बाळंतपणासाठी स्टेशनापलीकडे आईकडे आली होती. तेल आणि आंघोळ तिने चालवून घेतली, पण गुटी नको म्हणाली, थेंबसुद्धा नको. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. सव्वा महिना मी तिच्या घरी पिशवीतच पडून राहिले. मला फार राग आला होता. एवढी वर्षे जिची पूजा झाली तिला पोरसवदा नर्सने पिशवीत ठेवावे, हे मला सोसले नाही.

एका सकाळी तिच्या बाळाला उघडे केल्यावर त्याची हनुवटी आणि हात थरथरू लागले. रखमाबाई सवयीने म्हणाल्या, सटवाई आली. शिवांगी हसली. तिने पुढे होऊन बाळाचा हात आपल्या मुठीत हलकेच धरला आणि कोपरात दुमडला. थरथर थांबली.

"मावशी, असा हात धरून बघायचा," ती म्हणाली. "साधी थरथर असेल तर थांबते. आकडी असेल तर तुमच्या मुठीतसुद्धा चालू राहते."

मग तिने जे सांगितले ते मी शब्दाला शब्द लक्षात ठेवले आहे. नवजात बाळाची आकडी मोठ्या माणसासारखी नसते. सगळे अंग ताठ होऊन, तोंडाला फेस येऊन ते पडत नाही, कारण त्याचा मेंदू अजून तेवढा जुळलेला नसतो. कधी नुसते ओठ चुटूचुटू करतात. कधी पाय सायकल चालवल्यासारखे फिरतात. कधी डोळे एकीकडे लागून राहतात, कधी श्वास काही क्षण अडतो, कधी एकच हात लयीत उडत राहतो. घरच्यांना वाटते बाळ खेळतेय.

रखमाबाईंचा तेलाचा हात बाळाच्या पोटावर थांबला. त्या दिवशी त्या रिक्षात बसल्या नाहीत. स्टेशनापासून घरापर्यंत चालत गेल्या आणि घरी पोचल्यावर पिशवी खांद्यावरून न काढताच बसून राहिल्या. त्यांना काय आठवत होते ते मला कळत होते, कारण मलाही तेच आठवत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्या प्रत्येक बाळाचा हात धरून बघू लागल्या. सगळे हात मुठीत थांबत. दोन वर्षे थांबत राहिले.

गेल्या हिवाळ्यात फतेगंजातून बोलावणे आले. मानसिंगरावांची मुलगी शलाका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मानसिंगरावांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार आता दिवाणखान्यात टीव्हीच्या वर टांगलेली आहे आणि मानसिंगराव स्वतः विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाले आहेत. मुलगा झाला होता. शलाकाचा नवरा रणवीर सुरतेला नोकरीला, तो पाचवीच्या संध्याकाळी यायचा होता. घरात सगळा कारभार शलाकाच्या आईचा. रखमाबाई त्यांना वहिनीसाहेब म्हणत.

तोवर मला फारसे कोणी विचारत नव्हते. शिवांगीसारख्या मुली गुटी नको म्हणत, उरलेल्या जणी तयार गुटीची बाटली आणत. पण वहिनीसाहेबांनी मला मुद्दाम बोलावले. दवाखान्यातून निघताना सांगितले होते की बाळाला फक्त आईचे दूध द्या. वहिनीसाहेबांना ते पटले नाही. शलाकाचे दूध नीट उतरले नाही असे ठरवून त्यांनी दुसऱ्या दिवसापासून गाईचे दूध सुरू केले, दिवसातून पाचसहा वेळा, वाटी-चमच्याने. रखमाबाईंनी नको म्हटले नाही. शिवांगीचे बोलणे त्यांना आठवत होते, पण वहिनीसाहेबांपुढे त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी मान हलवली. तिसऱ्या दिवसापासून माझ्यावर हळकुंड आणि वेखंडही फिरले.

पाचव्या दिवशी सकाळी घरात पूजेची गडबड होती. पाट मांडून ठेवला होता, खण आणला होता. वहिनीसाहेब रखमाबाईंना म्हणाल्या की जाताना सहाण इथेच ठेवा, संध्याकाळी लागेल. मी खूश झाले. बऱ्याच दिवसांनी कोणी मला पुजणार होते.

साडेनऊच्या सुमारास रखमाबाईंनी बाळाला नडग्यांवर घेतले आणि तेलाची वाटी ओढली. तेवढ्यात बाळाचा उजवा हात उडू लागला. घड्याळाच्या काट्यासारखा, एका लयीत. ओठ चुटूचुटू हलत होते. डोळे उजवीकडे लागले होते. रखमाबाईंनी तो हात मुठीत धरला. मुठीतल्या मुठीत तो ठोके देत राहिला. त्यांनी कोपर दुमडले. तरी चालूच.

वहिनीसाहेब दारात उभ्या होत्या. त्या कौतुकाने म्हणाल्या की सटवाई खेळवतेय वाटते, आज पाचवी ना, येणारच ती.

मित्रांनो, मी पाटाशेजारी जमिनीवर होते आणि मला रखमाबाईंचे तोंड दिसत होते. गप्प बसणे फार सोपे होते. आंघोळ उरकून त्या पुढच्या घरी गेल्या असत्या आणि त्यांना कोणीही दोष दिला नसता. बोलल्या असत्या तर पहिला प्रश्न येणार होता, तुम्हाला कसे कळले. त्याचे उत्तर दिले की पस्तीस वर्षांचे नाव संपले.

"वहिनीसाहेब, ही सटवाई नाही," रखमाबाई म्हणाल्या. "ही आकडी आहे. बाळाला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे."

वहिनीसाहेबांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. चिडल्या की त्यांच्या मराठीत गुजराती मिसळे. "भलतंसलतं बोलू नका, बाई. आज पाचवी आहे. संध्याकाळचं पूजन होऊ दे, पछी उद्या सकाळी दाखवून आणू. पाचवीच्या आधी बाळ उंबऱ्याबाहेर काढत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत ने आम्हाला."

ते खरे होते. शलाकाच्या जन्माच्या वेळी रखमाबाईंनीच शिकवले होते. मी तेव्हाही तिथे होते.

रखमाबाईंनी बाळाचा हात सोडला नाही. त्या खाली बघत बोलल्या. "मागं एका घरी मी असंच म्हटलं होतं, सटवाई खेळवतेय म्हणून. ती मुलगी आज अकरा वर्षांची आहे. उभी राहत नाही. माझ्या हातात होती ती, आणि मी हसत होते."

तेवढ्यात शलाका खोलीतून भिंत धरून बाहेर आली. डोक्याला फडके बांधलेले, अंगावर शाल. तिने बाळाकडे बघितले, रखमाबाईंच्या मुठीकडे बघितले आणि विचारले की किती वेळ झाला. रखमाबाई म्हणाल्या, तीन मिनिटे होत आली. शलाकाने आईकडे पाहिले नाही. दिवाणखान्याकडे तोंड करून ती एवढेच म्हणाली, "बाबासाहेब, गाडी काढा."

मानसिंगराव किल्ली घेऊन खाली गेलेसुद्धा. वहिनीसाहेबांनी हुंगवायला कांदा फोडून आणला, रखमाबाईंनी तो हुंगवू दिला नाही. तोंडात काही घालू दिले नाही. बाळाला एका कुशीवर घेऊन त्या गाडीत बसल्या. घाईत त्यांनी समोर दिसेल ते पिशवीत कोंबले, तेलाची वाटी, टॉवेल आणि मी. पूजेचा पाट तसाच रिकामा राहिला.

दवाखान्यात बाळाला आत नेले. डॉक्टर नीरा लगेच आल्या. त्यांनी आधी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघितली आणि बाकीचे रक्त तपासायला पाठवले. मग बाहेर येऊन घाईघाईत गुजरातीत विचारले, "बाळकने शुं पीवडावो छो?" म्हणजे बाळाला काय पाजता. वहिनीसाहेब चटकन म्हणाल्या, "मानुं ज दूध." फक्त आईचे. दवाखान्याने बजावले होते आणि त्यांनी ऐकले नव्हते. ते कबूल करायची त्यांना लाज वाटली. शलाका खुर्चीत डोळे मिटून बसली होती, तिला प्रश्न ऐकूच गेला नाही.

रखमाबाईंनी पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. माझ्या अंगावर सकाळची हळद तशीच होती. त्या पांढऱ्या टेबलावर मला इतके ओशाळवाणे कधी वाटले नव्हते.

"डॉक्टर, खोटं कशाला बोलू," त्या म्हणाल्या. "गाईचं दूध चालू आहे, दिवसातून पाच-सहा वेळा. आणि तिसऱ्या दिवसापासून ही गुटी. मी दिली."

डॉक्टर नीरा मराठीत बोलू लागल्या. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी दूध किती, कितीदा, कधीपासून, हे सगळे पुन्हा पुन्हा विचारून घेतले आणि आत जाऊन तपासणीत कॅल्शियम आधी बघायला सांगितले. ते फार उतरलेले निघाले. गाईच्या दुधात असे काही असते की नवजात बाळाला ते पेलत नाही आणि त्याच्या रक्तातले कॅल्शियम उतरते. त्यात भर म्हणजे शलाकाचे ड जीवनसत्त्वही कमी होते. गरोदरपण तिचे ऊन न लागता बंद खोलीत लॅपटॉपसमोर गेले होते. बाळाला शिरेतून अगदी हळूहळू कॅल्शियम दिले, छातीचे ठोके बघत बघत. दुपारपर्यंत आकड्या थांबल्या.

तरी डॉक्टरांनी दुसऱ्या तपासण्या सोडल्या नाहीत. टाळूवरून सोनोग्राफी केली, डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला, पाठीतून पाणी काढून जंतुसंसर्ग नाही ना ते पाहिले. रखमाबाई मला परत मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या. डॉक्टर नीरांनी शलाकाला समजावून सांगितले ते मी ऐकले. एवढ्या लहान बाळाच्या आकडीमागे बहुतेक वेळा काही तरी कारण असते. कधी जन्मताना प्राणवायू कमी पडलेला असतो, कधी डोक्यात रक्तस्राव, कधी जंतू, कधी साखर किंवा कॅल्शियम उतरलेले, कधी मेंदूची घडणच वेगळी. काही बाळांना पुढे अपस्मार राहतो, काहींना राहत नाही. कारण लवकर सापडले तर बरेच काही करता येते. आणि सगळ्यांनाच वाचवता येत नाही, हेही त्यांनी लपवले नाही.

शलाका आत गेल्यावर रखमाबाईंनी मितालीच्या मुलीचे सगळे सांगितले आणि विचारले.

"डॉक्टर, त्या दुसऱ्या मुलीचं मी तेव्हाच सांगितलं असतं, तर ती चालली असती?"

डॉक्टरांनी उशिरा रडण्याबद्दल विचारले, आकडी कितव्या दिवशी दिसली ते विचारले. मग त्या म्हणाल्या, "सांगता येणार नाही, मावशी. तिला जन्मतानाच प्राणवायू कमी पडला असेल. लवकर आली असती तरी ती चाललीच असती असं मी म्हणणार नाही. पण दोन दिवस आकड्या येत राहिल्या, त्या आम्ही थांबवल्या असत्या."

रखमाबाईंना हो किंवा नाही हवे होते. त्यातले काहीच मिळाले नाही. त्यांनी मला टॉवेलात गुंडाळले आणि पिशवीत तळाशी ठेवले.

शलाकाचे बाळ नऊ दिवसांनी घरी आले. पाचवीची पूजा राहिली ती राहिलीच. त्याला दूध आता आईचेच, आणि ते त्याला भरपूर पुरले. तीन महिन्यांनी पुन्हा आलेख काढला, तो बरा आला, आकडीचे औषध बंद झाले. बारशाला त्याचे नाव धैर्यशील ठेवले. शलाकाने बोलावले म्हणून रखमाबाई गेल्या. वहिनीसाहेब त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पण बाळ त्यांच्या मांडीवर आणून ठेवले. तेवढ्याने रखमाबाईंचे भागले.

मात्र न्हाणीतले बोलणे न्हाणीत राहिले नाही. रखमाबाईंच्या हातून एक मूल बिघडले, असे बडोद्यात पसरले. एका घरून निरोप आला की उद्यापासून येऊ नका, आमची मावशी आलीय. मग दुसऱ्या घरून आला. महिनाभरात सकाळी आठला जायला एकही घर उरले नाही. रखमाबाई सकाळी सवयीने पिशवी भरत आणि मग दारातच बसत.

अशाच एका सकाळी त्या उठल्या आणि पिशवी घेऊन निघाल्या. रस्ता लांबला नाही, तेव्हाच मी ओळखले की आज त्या सयाजीगंजातल्या त्याच गल्लीतून चालल्या आहेत. तिसरा मजला चढताना त्या तीनदा थांबल्या.

दार मितालीने उघडले. केस अर्धे पिकले होते. आत मधुवंती चाकांच्या खुर्चीत बसली होती, मान एका बाजूला, गळ्याला रुमाल. तिचे पाय अजूनही इतके बारीक होते की मला ते तीन दिवसांचेच वाटले. मितालीने रखमाबाईंना ओळखले, बसायला सांगितले, पाणी दिले. रखमाबाई पाणी प्यायल्या नाहीत. त्यांनी सगळे सांगितले. ती सटवाई नव्हती, ती आकडी होती, मी हात धरून बघायला हवा होता, मला ठाऊक नव्हते.

मितालीने मुलीच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली. तिचा आवाज चढला नाही. दमलेल्या माणसाचा आवाज कसा असतो तसा तो होता.

"मी धरला होता, बाई. तुमच्या समोर धरला होता. मी म्हटलंही होतं, हात थांबत नाहीये. तुम्ही म्हणालात, पहिलटकरीण आहेस, घाबरू नकोस. मग मी सोडला."

रखमाबाईंना ते आठवत नव्हते. इतक्या घरी इतक्या पहिलटकरणींना त्या तसे म्हणाल्या असतील, कुठले कुठले आठवणार. मिताली काय म्हणतेय ते कळले तेव्हा त्या पदर तोंडाला लावून रडल्या. मिताली रडली नाही. ती म्हणाली, अकरा वर्षे तिला वाटत होते की आपण सांगितलेच नव्हते, आपण मनातल्या मनातच म्हटले असेल.

पण मित्रांनो, ती म्हणाली होती. मी तिथेच होते, मी ऐकले होते. आणि ही गोष्ट मी तुम्हाला मघाशी सांगितली नाही. सगळे सांगितले, हसणाऱ्या बायका सांगितल्या, एवढे मात्र गाळले. रखमाबाई विसरल्या, मी विसरले नव्हते. मला रखमाबाईंना झाकायचे होते, आणि स्वतःलाही. दगडालाही लाज असते.

आता मी रखमाबाईंच्या ओट्यावर असते. दुधाच्या पातेल्यावर झाकण हलू नये म्हणून मला वर ठेवतात. आठवड्यातून दोनदा रखमाबाई मितालीकडे जातात आणि मधुवंतीच्या पायांना तेल लावतात. तेव्हा त्या मला नेत नाहीत. मला त्याचे वाईट वाटत नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला म्हणतात की आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी तसे म्हणणार नाही. मला खुशाल टाका. तुमच्या घरी बाळ आले तर त्याला आईचेच दूध मिळू द्या आणि मला फडताळातून काढू नका. मात्र बाळाजवळ बसत जा. मोठी माणसे पाहुण्यांत आणि पूजेत असतात, बाळाकडे टक लावून बघायला वेळ तुम्हालाच असतो. त्याचा हात किंवा पाय एका लयीत उडताना दिसला, तर तो हलकेच मुठीत धरा. थांबला तरी आईला सांगा. नाही थांबला तर धावत जाऊन सांगा. ओठ चुटूचुटू करत असतील, डोळे एकीकडे लागले असतील, श्वास अडला असेल, तर हात धरून बघत बसू नका, लगेच सांगा.

तुम्हाला कोणी तरी म्हणेल की घाबरू नकोस, सटवाई खेळवतेय. म्हणणारे माणूस प्रेमळ असेल, अनुभवी असेल, सगळ्यांचे लाडके असेल. मिताली तर आई होती, तरी ती एकदा सांगून गप्प बसली. तुम्ही गप्प बसू नका. पुन्हा सांगा.